चारूचा दमा

रविवार, ८ सप्टेंबर २०२४

आज चारूची बारावी सुरू झाली. शेवटचं वर्ष! एवढी मोठी मोहीम मी तीन वर्षं एकटीने चालवली आणि तिची कुठे नोंद नाही, हे काही बरं नाही. म्हणून औषध कंपनीवाल्याने हॉस्पिटलात वाटलेली ही कोरी वही काढली. एक्स-रेच्या खोलीत दोन पेशंटच्या मध्ये पाच मिनिटं मिळतातच, तेवढ्यात लिहीन.

पुढेमागे चारूने वाचलं तर तिला कळावं म्हणून मोहीम काय ते सांगून ठेवते. नववीला तिला इथल्या, कुवेतमधल्या, इंडियन शाळेतून काढून अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत घातलं. इथे सगळ्यांना सारखे विषय नसतात, आपापले निवडायचे. एक विषय वर्षभर केला की एक क्रेडिट. अशी चोवीस जमली की शाळा गाऊन-टोपी घालून वाजतगाजत निरोप देते, नाही जमली तर नाही देत. बाकीच्या पालकांना हे ऐकूनच घाम फुटला होता. मी पहिल्याच आठवड्यात तक्ता केला. चार वर्षं, चार रंग, फ्रिजच्या दारावर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो दोन-दोनदा बसवले. चोवीसच्या जागी पंचवीस भरतात! आमचे अभिजीत अहमदीला कंपनीच्या ऑफिसात मोठमोठे कॉम्प्युटर सांभाळतात, पण असला तक्ता त्यांच्याच्याने झाला नसता. तसं मी त्यांना सांगितलंसुद्धा. "खरंय," म्हणाले.

चारूला पुण्याच्या कॉलेजात जायचंय. त्यासाठी जूनच्या आत शाळेचा दाखला हातात पाहिजे. तो मिळणारच. तक्ता माझा आहे.

गुरुवार, १९ सप्टेंबर

शाळेच्या दवाखान्यात चारूचा नवा इन्हेलर देऊन आले. जुन्याची तारीख संपली होती. नर्स शहरबानू केरळची, चांगली बाई आहे. म्हणाली, "मॅडम, सीलसुद्धा फुटलं नाही." मी म्हटलं, "देवाची कृपा."

वहीत खोटं कशाला लिहू? चारूला दमा नाही. कधीच नव्हता. नववीच्या प्रवेशाच्या वेळी तक्त्यात पीटीने अडवलं होतं. दोन वर्षं अर्धा-अर्धा तास त्यात जाणार, आणि त्याच तासाला जास्तीची केमिस्ट्री होती. फॉर्मवर एक चौकट होती, 'विद्यार्थ्यास काही आजार?' मी लिहिलं, दमा, धुळीने वाढतो. कुवेतमध्ये धुळीचं कोण नाही म्हणणार? झालं, पीटी सुटली, केमिस्ट्री बसली.

परभणीला आमच्या शाळेत पीटीच्या तासाला गणिताचे सर यायचे आणि राहिलेला धडा पुरा करायचे. आमचं काही बिघडलं का? पीटी हा मुळात रिकामा तास. कोणीतरी भरून टाकायचाच असतो.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चारूचा फिजिक्सचा क्लास मस्त लागलाय. फहाहीलला एक मल्याळी सर आहेत, आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. अभिजीत अहमदीहून सुटले की तिला नेतात आणि संपेपर्यंत बाहेर थांबतात. लग्नाला वीस वर्षं झाली, जमियाच्या दुकानातून कोथिंबीर आणा म्हटलं तर विसरणारा माणूस, पण क्लासचा एक दिवस चुकवत नाही.

आणि भूक! दीड पोळी चिवडणारी पोर आता चार खाते, वर वरणभात. परवा सबंध डबा भरून केलेले शंकरपाळे दोन दिवसांत संपवले. रात्री नऊला गाढ झोप. सकाळी हाक न मारता उठते. फिजिक्समध्ये एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

क्लासबद्दल मान वाढत चाललाय. तिथे आत जायला वेगळे बूट लागतात, जमिनीवर डाग पडू नये म्हणून. अभिजीतनीच आणले, पांढरे, तळव्याला रबर. एवढी स्वच्छता असेल तर शिकवणंही तसंच असणार.

चारूच्या उजव्या हाताच्या तळव्याला मात्र घट्टे पडलेत. बोट लावलं तर कडक लागलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. किती गणितं करत असेल पोर! मऊ पकडीचे सहा पेन आणले. पेन बघून ती म्हणाली, "थँक्यू आई," आणि पटकन बाथरूममध्ये गेली. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. सर्दी झाली असेल.

तिच्या बॅगेत एक पांढरं पीस सापडलं. बाल्कनीतल्या कबुतरांनी उच्छाद मांडलाय. शनिवारी जाळी बसवून घेते.

शनिवार, १४ डिसेंबर

फिजिक्सला ए! मागच्या वर्षी बी होता. मी अभिजीतना म्हटलं, "सरांना एकदा जेवायला बोलवू." तर हे म्हणे, "सर बाहेरचं खात नाहीत." मग मी डबा द्यायचा विचार केला, तर चारू म्हणाली, "आई प्लीज, डोन्ट." लाजतात मुलं.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. तिळगूळ घेऊन कामावर गेले, फिलिपिनो पोरींनी दोन-दोनदा मागून घेतला. दुपारी फोनवर शाळेची मेल आली आणि तोंडातली वडी तशीच राहिली.

शाळेत विषयांचं मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम या वर्षी नव्या आहेत, लुबना नावाच्या. त्यांनी बारावीच्या सगळ्यांची क्रेडिट नव्याने तपासली. चारुता : या वर्षाची धरून एकूण पंचवीस. शारीरिक शिक्षण : आवश्यक एक, मिळालेले शून्य. पदवी समारंभाच्या यादीत नाव तूर्तास नाही.

शून्य कसं? आपल्याला सूट होती ना?

गुरुवार, १६ जानेवारी

अर्धी रजा टाकून तिघंही शाळेत गेलो. लुबना मॅडम लेबनॉनच्या. तरुण आहेत, पण बोलणं एकदम सरळ. म्हणाल्या, "सूट तासाला बसण्यापासून होती. क्रेडिटपासून नव्हती. ते दुसऱ्या मार्गाने भरायचं असतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं असेल. नववीला एक जाडजूड पुस्तिका दिली होती. त्यातली विज्ञानाची पानं मी पाठ केली. पीटीचं पान उघडलं नाही. मी! जिने अठरा वर्षांत एकाची फिल्म दुसऱ्याच्या पाकिटात जाऊ दिली नाही!

आता दोन रस्ते आहेत. एक, छातीच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आणायचा की दमा खरोखर आहे आणि मुलगी खेळूच शकत नाही. मग क्रेडिट माफ. दुसरा, शाळेबाहेर एकशेवीस तास एखादा खेळ, प्रशिक्षकाच्या सहीने. मागचे तासही धरतात. पण ज्या मुलीच्या फाईलवर दमा आहे, तिचे खेळाचे तास शाळा धरत नाही. जबाबदारीचा प्रश्न येतो.

मला हसूच आलं. म्हटलं, "मॅडम, आमची चारू आणि खेळ! तिला पुस्तकातून वर मान काढायला लावायची तर आरडाओरडा करावा लागतो." चारूने मान खाली घातली. अभिजीत खिडकीबाहेर बघत होते. त्यांना या सगळ्यात लक्षच घालायचं नसतं.

पहिलाच रस्ता बरा. या धुळीत राहून प्रत्येकाला थोडाफार दमा असतोच. तपासलं तर निघेल.

सोमवार, २० जानेवारी

नाही निघाला.

आमच्याच हॉस्पिटलातल्या डॉ. मुनव्वर यांच्याकडे नेलं. छातीचा एक्स-रे मीच काढला. काळीभोर, स्वच्छ फुप्फुसं. इतकी सुंदर फिल्म महिन्यात आली नव्हती, आणि पहिल्यांदाच स्वच्छ फिल्म बघून माझा जीव खाली-वर झाला. मग नळीत फुंकायची चाचणी. चारूने एकदा फुंकलं. डॉक्टर म्हणाले, "मशीन तपासतो." परत फुंकायला लावलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाले, "सिस्टर, दमा कसला? हे फुप्फुस खेळाडूचं आहे. बेटा, काय खेळतेस?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ती फिजिक्स करते."

मी दबक्या आवाजात म्हटलं, थोडासा तरी लिहिता येईल का, अगदी सौम्य? डॉक्टर हसले, पण पेनाचं टोपण लावून टाकलं. मला इतकी शरम वाटली की धन्यवाद म्हणायचंही राहिलं.

मंगळवार, २१ जानेवारी

काल घरी आल्यावर चारूने चहा केला. स्वतःहून! तेव्हाच मला कळायला हवं होतं. कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आई, मी खेळते. बॅडमिंटन. सप्टेंबरपासून."

फिजिक्सचे सर दुसऱ्याच आठवड्यात केरळला निघून गेले होते. त्याच इमारतीत खाली हॉल आहे. ही दाराशी उभी राहून बघत होती, तर तिथल्या कोच बाईंनी हातात रॅकेट दिली. अभिजीत हो म्हणाले. अभिजीत! चार महिने बाहेर गाडीत बसून हे काय करत होते, तर पहिले दोन आठवडे गाडीत, आणि मग हॉलच्या बाकावर, टाळ्या वाजवत.

मी जी सुटले! घट्टे, बूट, पीस, एकेक आठवत गेलं आणि एकेकावर ओरडत गेले. कबुतरांसाठी जाळी बसवली मी! सहा पेन आणले! "माझ्या तोंडावर इतकं खोटं बोलवलं तुला?"

चारू एवढंच म्हणाली, "तू पण ना आई. फॉर्मवर."

इथवर तिचं सगळं इंग्रजीत चाललं होतं, नंतर ती मराठीत आली. रडू यायला लागलं की ती मराठीत येते. "दोन वर्षं पीटीच्या तासाला सगळे ग्राउंडवर, आणि मी लॅबमध्ये. नववीत मला रिलेच्या टीममध्ये घेतलं होतं. मी सगळ्यात फास्ट होते. मग नर्सनं लिस्ट बघितली आणि नाव काढलं. मला सगळे सांभाळून घ्यायचे आई, मी आजारी आहे म्हणून. माझी बॅगसुद्धा उचलू द्यायचे नाहीत."

मला हे माहीतच नव्हतं. रिलेचं ती कधी बोललीच नाही.

बुधवार, २२ जानेवारी

दोघांशीही बोलत नाहीये. पोळ्या मोजून केल्या.

शनिवार, २५ जानेवारी

मोजून केलेल्या कमी पडल्या, म्हणून काल परत करायला घेतल्या आणि रुसवा मोडला. आज म्हटलं, चला, मलाही दाखवा तुमचा क्लास.

फहाहीलच्या त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि कोच फरहत समोर आल्या. पन्नाशीच्या, डोक्याला स्कार्फ, गळ्यात शिट्टी. "आप चारू की अम्मी हैं क्या? इत्ते दिन कां थे आप?" हैदराबादच्या निघाल्या! परभणीला आमच्या शेजारी सगळे हेच बोलायचे. मी पण म्हटलं, "हौ, जरा देर हो गई." त्यांनी माझा हात धरला तो सोडेनातच.

आणि चारू. काय लिहू? घरात तंगड्या ओढत चालणारी पोर तिथे उडत होती. मागे धावत जाऊन असं काही मारलं तिने की समोरची मुलगी नुसती बघत राहिली. मी उभी राहून ओरडले, "मार!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. अभिजीत बाकावर बसून हसत होते. बारीक झालेत बरे. तेही मागच्या कोर्टवर हात मारून घेतात म्हणे.

फरहतबाईंच्या रजिस्टरात चारूचे ब्याण्णव तास आहेत, तारीखवार, सहीसकट. अठ्ठावीसच कमी. तास आहेत, सही आहे, खेळ आहे. नडतोय तो फक्त माझा दमा.

रविवार, २६ जानेवारी

सकाळपासून तीन कागद फाडले. पहिल्यात लिहिलं, दमा आता बरा झाला आहे. दुसऱ्यात, पूर्वीच्या डॉक्टरांचा गैरसमज झाला असावा. अभिजीत चहा पीत म्हणाले, "कोणते डॉक्टर?" तो फाडला. तिसऱ्यात सगळं धुळीवर ढकललं. तोही फाडला.

हॉस्पिटलातली बाई मी. शाळेत सगळे मला सिस्टर म्हणून मानाने वागवतात. त्या लुबना मॅडमच्या टेबलावर असा कागद ठेवायचा, माझ्या सहीचा? शाळेने चिडून आणखी काही काढलं तर? चारूचं वर्ष माझ्यामुळे गेलं तर?

शेवटी जे पाठवलं त्याचं मराठी इथे उतरवते, म्हणजे मलाच विसरता येणार नाही :

'माझ्या मुलीला दमा नाही व कधीही नव्हता. नववीच्या फॉर्मवर ते मी लिहिले. पीटीमध्ये वेळ वाया जातो असे मला वाटत होते. चूक माझी आहे, तिची नाही. तिने स्वतःहून ब्याण्णव तास बॅडमिंटन खेळलेले आहेत. सोबत छातीचा एक्स-रे व श्वासाच्या चाचणीचा रिपोर्ट जोडला आहे. कृपया तिला खेळू द्यावे. सुखदा, चारुताची आई.'

चारूने पाठवायच्या आधी वाचलं. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली. सातवीनंतर पहिल्यांदाच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अकरा दिवस जेवण गोड लागलं नाही. आज लुबना मॅडमनी बोलावलं. पत्र समोरच होतं. म्हणाल्या, "दहा वर्षं मी हे काम करते. पालक मुलांना आजारी ठरवायला येतात. मुलगी धडधाकट आहे हे सिद्ध करायला एक्स-रे घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच." मग जरा कडक बोलल्याही. खोट्या माहितीची नोंद माझ्या नावावर फाईलमध्ये राहणार. राहू दे. आणि मेच्या पंधरा तारखेच्या आत एकशेवीस पूर्ण पाहिजेत, एक तासही कमी चालणार नाही.

फाईलवरचा 'दमा' त्यांनी माझ्यासमोर लाल पेनाने खोडला. मी त्या पेनाकडे बघतच राहिले.

बुधवार, १२ मार्च

बारावीच्या अभ्यासामुळे आता आठवड्यातून एकच दिवस खेळ, वर रमजान सुरू आहे, हॉलच्या वेळा बदलल्या. त्यात चारूचा घोटा मुरगळला, आठ दिवस खेळ बंद. फिल्म मीच काढली. हाड शाबूत. मी एवढ्या जोरात "शाबूत!" म्हटलं की बाहेरचे पेशंट डोकावले. एकशे तीन तास झालेत, सतरा राहिले.

फ्रिजवरच्या तक्त्यात एका कोपऱ्यात चारूने नवी चौकट काढलीय : 'आई. पीटी. ० तास.' आगाऊ कार्टी!

शुक्रवार, ९ मे

एकशेवीस! शेवटचा तास बघायला आम्ही दोघं बाकावर होतो. फरहतबाईंनी सही केली, शिक्का मारला आणि मला म्हणाल्या, "अब आपका नाम लिखूं क्या?" मी नको नको म्हणत होते, तोवर त्यांनी लिहिलंसुद्धा. शनिवारची बायकांची बॅच. बघू.

मंगळवार, २७ मे

शाळा सोडताना प्रत्येक खात्याची सही लागते, काही परत करायचं राहिलं नाही म्हणून. दवाखान्यात शहरबानूने सही केली आणि चारूच्या हातात इन्हेलर ठेवला, सील न फुटलेला. "हा तुमचा," म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. चारूने तो घरी आणून माझ्या देवघरात ठेवला. मी काढला, तिने परत ठेवला.

गुरुवार, २९ मे

मंचावर नाव पुकारलं की मुलाने आधी लिहून दिलेली आभाराची एक ओळ वाचून दाखवायची, अशी इथली पद्धत. कोणी शिक्षकांना, कोणी मित्रांना, कोणी देवाला. चारू निळा गाऊन सावरत वर आली. पांढरे बूट! मी नवे सँडल आणले होते, तरी बूट तेच. मुख्याध्यापिकांनी चिठ्ठी उघडली आणि वाचलं :

"माझ्या आईसाठी, जिने माझा दमा बरा केला."

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. लोक खरंच हेलावले. लुबना मॅडमनी तोंडावर हात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. अभिजीतना तर ठसकाच लागला. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. फोटोत दोन्ही आलंय.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या धाकट्याला म्हणे लहानपणापासून हाच त्रास आहे. डोळे पुसत विचारत होत्या, "कोणतं औषध दिलंत हो तुम्ही?"

मी म्हटलं, "आधी मला सांगा, फॉर्म कोणी भरला होता?"